अर्थशास्त्राच्या वर्गातील संख्याशास्त्र

दहावीची परीक्षा संपताच गणिताची वही कपाटावर टाकून कला शाखेकडे वळणारे विद्यार्थी बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या महाविद्यालयांत काही कमी नसतात. कला शाखेत गणित ऐच्छिक असते. मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा आवडू लागतात, पदवीसाठी अर्थशास्त्र निवडले जाते आणि टिपणे पाठ करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यापुढे एके दिवशी संख्याशास्त्र येऊन उभे राहते. ही गाठ अचानक पडली, असे त्याला वाटते. ते तितकेसे खरे नाही. राज्य मंडळाच्या २०१९च्या अकरावीच्या अर्थशास्त्रात विभाजन मूल्ये आणि २०२०च्या बारावीच्या पुस्तकात निर्देशांक ही प्रकरणे होतीच. परीक्षेपुरती उदाहरणे सोडवून ती मागे टाकली जातात, इतकेच.

पदवीच्या अभ्यासक्रमात सरासरी, मध्यक आणि बहुलक यांपासून सुरुवात होते. पुढे प्रमाण विचलन, सहसंबंध, रिग्रेशन, निर्देशांक, संभाव्यता आणि नमुना निवड अशी वाटचाल असते. अडचण आकडेमोडीची कमी आणि निवडीची अधिक असते. समजा, मुलुंडमधील एका इमारतीत २० कुटुंबे आहेत; १९ कुटुंबांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी ५० हजार रुपये आणि विसाव्याचे १० लाख. सरासरी येते ९७,५०० रुपये, मध्यक मात्र ५० हजार. दोन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बिनचूक आहेत. इमारतीचे खरे चित्र कोणते, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही.

निर्देशांकाचे प्रकरण विद्यार्थ्यांना सर्वांत रूक्ष वाटते. प्रत्यक्षात मुंबईइतका त्याचा अनुभव क्वचितच एखाद्या शहराने घेतला असेल. येथील कामगारांचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता. १९३३-३४ हे आधारवर्ष असलेली जुनी मालिका वाढत्या किमतींचे खरे प्रतिबिंब दाखवत नाही, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली आणि राज्य सरकारने १९६३मध्ये मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. निर्देशांक महागाई कमी दाखवतो, हा आक्षेप समितीने ग्राह्य धरला. वस्तूंची यादी, त्यांचा भार आणि जुन्या मालिकेची नव्या मालिकेशी घातलेली सांगड, या पाठ्यपुस्तकातील तीन मुद्द्यांवर हजारो घरांचे पगार अवलंबून होते.

ही सांगड आजही विद्यार्थ्यांना चकवते. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे आधारवर्ष सप्टेंबर २०२०पासून २००१ऐवजी २०१६ झाले आणि दोन मालिकांना जोडणारा गुणक २.८८ ठरला. नव्या मालिकेतील ११८ म्हणजे जुन्या मालिकेतील सुमारे ३४०. हे ध्यानात न घेता दोन आकडे शेजारी मांडणाऱ्यास किमती एका रात्रीत एक-तृतीयांशावर आल्याचे दिसेल!

प्रमाण विचलनाचे महत्त्व समजण्यासाठी तर दोन मराठी विद्वानांचा वाद पुरेसा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० कॅलरी हा निकष लावून १९६०-६१मध्ये सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के नागरी जनता त्याखाली असल्याचे त्यांनी दाखवले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मात्र सरासरी गरजेलाच सीमारेषा मानण्यास हरकत घेतली. माणसागणिक आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक गरज बदलते. निरोगी माणसांपैकीही अनेकांचा आहार सरासरीखाली असणारच. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून सीमारेषा आखावी, असे त्यांचे म्हणणे होते. रेषा खाली सरकली की कुपोषितांची संख्या घटते. दांडेकरांना हे मान्य नव्हते आणि वाद बरीच वर्षे चालला. वर्गात प्रमाण विचलनाचे सूत्र फळ्यावर लिहिले जाते. हा वाद सहसा सांगितला जात नाही, ही खंतच म्हणावी लागेल.

उपनगरातील विद्यार्थ्याला पुढच्या वाटाही दूर नाहीत. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६पासून कार्यरत असून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून तिच्याकडे आहे. गोरेगावात रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेथील अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत गणिताचीही कसोटी लागते. तेव्हा कपाटावरची वही पदवीच्या पहिल्याच वर्षी खाली काढलेली बरी; सूत्रे पाठ करण्यापेक्षा दर महिन्याला जाहीर होणारा निर्देशांक घेऊन घरच्या किराण्याच्या बिलाशी ताडून पाहिला, तर भार म्हणजे काय हे लवकर उमगते.