नेत्रविकार व डोळ्यांची निगा (राजगुरुनगर परिसर)

पुणे-नाशिक महामार्गावर भीमेकाठी वसलेले राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, हे खेड तालुक्याचे ठाणे. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरकडची भातखाचरे, दक्षिणेला चाकणची कारखानदारी. डोळ्यांच्या तक्रारीही त्याच वळणाच्या. डोळा किती दुखतो यावरून लोक दुखण्याचे वजन ठरवतात आणि नेमके तिथेच फसतात.

वेल्डिंग लागणे हे त्याचे ठळक उदाहरण. काच न धरता एखादा टाका मारला, किंवा शेजारी उभ्या हेल्परने ठिणगीकडे पाहिले, तर अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. ठणका भयंकर, पण पापुद्रा सहसा एक-दोन दिवसांत भरून येतो. दूध किंवा बटाट्याची चकती यांपेक्षा गार पाण्याची घडी आणि अंधारी खोली बरी. बधिर करणारे थेंब मात्र पुन्हा पुन्हा घालू नयेत. त्यांनी जखम भरत नाही, उलट बुबुळ झिजते.

ग्राइंडिंगचा कीस बुबुळात रुतला तर सोबती काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून देतो. मदतीचा हेतू चांगला, हत्यार वाईट. लोखंडाचा कण काढल्यावरही त्याभोवती गंजाचे कडे राहते, ते डॉक्टरांनीच खरवडावे लागते. हातोडा-छिन्नीच्या कामात उडालेला कण तर डोळ्याच्या आत शिरूनही बाहेरून फारसा दिसत नाही. चुना, सिमेंट, ॲसिड किंवा फवारणीचे औषध गेल्यास दवाखाना शोधण्याआधी पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा.

म्हणीतले कुसळ क्षुल्लक असते. नेत्रवैद्यकात तसे नाही. भाताच्या झोडणी-मळणीत लागलेल्या कुसळाने किंवा पात्याने बुबुळाला ओरखडा पडतो आणि वनस्पतीवरची बुरशी आत जाते. सुरुवातीला नुसतेच खुपते, म्हणून आठवडा निघून जातो. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली घटवतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. उरते ते फूल. ते गडद असेल तर नेत्ररोपण हाच मार्ग राहतो. त्यासाठीचे नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते.

डोळे येणे हा पावसाळ्याचा पाहुणा. जुलै २०२३ मध्ये याच तालुक्यातल्या आळंदीत शाळकरी मुलांमध्ये मोठी साथ आली होती. डोळे आलेल्याकडे पाहिल्याने ते येतात हा समज खोटा. ते हातातून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून येतात. काळा चष्मा उजेडापुरता, साथ तो अडवत नाही. विषाणूजन्य प्रकार एक-दोन आठवड्यांत ओसरतो, प्रतिजैविकांनी लवकर बरा होत नाही. नजर अंधुक झाली तर मात्र थांबू नये.

चाळिशी हा आजार नव्हे. वयाला आणि चष्म्याला एकच शब्द देऊन मराठीने त्याचे निदान केव्हाच केले आहे. मुलांचा दूरचा चष्मा मात्र वेळीच ओळखावा लागतो: फळा दिसत नाही हे मूल आपणहून सांगत नाही. रोज उन्हाउजेडात खेळणाऱ्या मुलांना तो लागण्याची शक्यता कमी असते.

मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. फार पिकलेले भिंग कडक होते आणि काढायला अवघड जाते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. पुण्यात ससून रुग्णालय आहे, तसेच पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयही.

सर्वांत कमी दुखणारे तेच सर्वांत घातकी. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात नजर कडेकडेने खाल्ली जाते. समोरचे स्वच्छ दिसत असते, म्हणून कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने पडदा खराब होतो तोही असाच मुकाट्याने. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब मधूनमधून तपासावा, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. मधुमेह्याने वर्षातून एकदा पडदा दाखवावा. या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि पुढे काही तास अंधुक दिसते. त्या दिवशी दुचाकी घरी ठेवावी व सोबत कुणाला तरी न्यावे.