मृच्छकटिकातील दुसरे कथानक

एकाच नाटकात अनेक कथानके कशी नांदवावीत, याचा विचार संस्कृत नाट्यशास्त्राने बारकाईने केलेला आहे. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त कथावस्तूचे दोन भेद सांगितले: ज्या कथेचे फळ नायकाला मिळते ती आधिकारिक आणि तिच्या साहाय्याला येते ती प्रासंगिक. प्रासंगिक कथेपैकी सुग्रीवाच्या वृत्तान्ताप्रमाणे दूरवर सोबत करते ती ‘पताका’, तर थोडक्यात संपते ती ‘प्रकरी’. ही दोन्ही नावे भरताच्या नाट्यशास्त्रातही आढळतात.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त ही पताका मूळ कथेला कशी जोडली गेली, हे जवळजवळ टाक्यांसकट पाहता येते. टी. गणपतीशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या, भासाच्या मानल्या जाणाऱ्या नाटकांत ‘चारुदत्त’ हे चार अंकी नाटक आहे. त्यात चारुदत्त व गणिका वसंतसेना यांची प्रेमकथा आहे, परंतु राजा पालकाविरुद्ध उठलेल्या आर्यकाचे बंड नाही. तेथील चोर सज्जलक वसंतसेनेची दासी मदनिका हिला घेऊन निघून जातो. त्याच्या जागी आलेला शूद्रकाचा शर्विलक मात्र आर्यकाला कैद झाल्याची दवंडी ऐकताच गाडीतून उतरतो आणि नववधूला पुढे पाठवून मित्राच्या सुटकेसाठी जातो. दुसरे कथानक जोर धरते ते येथून.

सहाव्या अंकातील गाड्यांची अदलाबदल हा या रचनेचा कळसच म्हटला पाहिजे. विसरलेले आस्तरण आणण्यासाठी चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक गाडी घेऊन माघारी जातो, तेवढ्यात वसंतसेना चुकून राजाचा मेहुणा शकार याच्या गाडीत बसते आणि तुरुंगातून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत चढतो. त्याच्या पायातील बेडीचा खणखणाट वर्धमानकाला वसंतसेनेच्या नूपुरांचा वाटतो. त्या एका आवाजात प्रेमकथा आणि राज्यक्रांती एकमेकींत मिसळतात. ही गाठ पुढे चारुदत्ताच्या गळ्याशी येते, कारण वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आरोप त्याच्यावर आल्यावर, गाडी अडवणारा रक्षक वीरक न्यायालयात जी साक्ष देतो तीच चारुदत्ताविरुद्ध जाते.

दहाव्या अंकात चारुदत्त वधस्तंभापाशी उभा असताना आर्यकाने पालकाला ठार केल्याची वार्ता शर्विलकच आणतो, आणि वसंतसेनेला ‘वधू’ हा मान मिळतो तोही नव्या राजाच्या आज्ञेने. ज्याच्या सत्तेवर दुसरे कथानक उभे आहे, तो पालक मात्र दहा अंकांत एकदाही रंगमंचावर येत नाही.