माहुरझरीच्या हाडांना जात विचारू नका



आपल्यातली पोरं हल्ली छाती ठोकून सांगतात : विदर्भातल्या शिळावर्तुळांखाली पुरलेली माणसं नाग होती, म्हणजे आपलेच पूर्वज. बाबासाहेबांनी १९५६ला नागपूरच्या भाषणात नागांची आठवण काढली, तिथून हे निघालं. ऐकून मलाही बरं वाटतं. पण बरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा काय आहे ते बघू. नागपूरजवळ माहुरझरीला आणि पारशिवनीकडं नैकुंडला शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०नंतरच्या दहाएक वर्षांत उत्खनन केलं. धोंड्यांची वर्तुळं, आत माणसांची मोडकी हाडं, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. घोड्याची हाडं आणि घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली, इ.स.पू. ७००च्या सुमाराची.

लोखंड वितळायला १५३८ अंश उष्णता लागते. तेवढी त्या भट्टीत नव्हती. बाराशेच्या आसपास मळी वितळून वाहते आणि मागं स्पंजासारखा गोळा राहतो. तो तापवायचा, घणानं ठोकायचा. तरी ते लोखंड मऊच, धार टिकत नाही. कोळशात बराच वेळ तापत ठेवलं की कार्बन आत शिरतो, पोलाद होतं. पार्क आणि शिंदे या संशोधकांनी इथल्या वस्तूंचे कण घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. २०१३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात हेच कसब दिसलं. ज्याच्या हातात हे होतं त्याला आगीचा रंग वाचता येत होता. आमच्या फिटरला अंगठाछाप म्हणणाऱ्या साहेबाला हे कोण सांगणार?

आता हाडं. दातांवरून वय कळतं, कमरेच्या हाडावरून बाई की बाप्या ते कळतं. जात कळत नाही. रिस्ले या इंग्रज साहेबानं नाकं मोजून वंश ठरवले. बाबासाहेबांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांचीच मापं घेऊन डाव उलटवला : ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. अस्पृश्यतेचा जन्म त्यांनी इ.स. ४००च्या सुमारास धरला. म्हणजे नैकुंडची भट्टी विझून हजार वर्षं झाल्यावर!

२०१३ सालीच जिवंत माणसांच्या डीएनएवरचा एक अभ्यास आला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतात माणसांची मोठी सरमिसळ चालू होती. पुढं ती थांबली, लग्नं जातीतल्या जातीत कोंडली. जातीचं मूळ बेटीबंदीत आहे हे बाबासाहेबांनी १९१६लाच मांडलं होतं.

भट्टी पेटली तेव्हा सरमिसळ चालू होती. मग त्या मढ्यांवर आपण आपल्या जातीची पाटी का ठोकायची? पाट्या ठोकायचं काम मनूचं. ती माणसं आपली असतील, तशी दुसऱ्याचीही असतील.

आपण वेगळा सवाल विचारू. घोडा आणि तांबं ज्याच्यासोबत पुरलं तो बडा माणूस. ते धोंडे कुणी ओढले? भाता कुणी हलवला? वर्तुळात त्याला जागा मिळाली का?

पोरांनो, हे खणून काढा.