विंचवाचे विष आणि चेतापेशींचा लगाम

कोकणातला लाल विंचू नांगी मारतो तेव्हा रुग्ण वेदनेने ओरडतोच असे नाही. वेदना कमी, पण उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय थंड पडतात, अशी लक्षणे अधिक धोक्याची असतात. काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावू शकतो. रायगड जिल्ह्यात महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांजवळ बसून या लक्षणांच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्या.

घाम, नाडी, रक्तदाब ही सारी कामे आपल्या इच्छेवाचून चालतात. ती स्वायत्त चेतासंस्था पाहते. मग विंचवाच्या विषाने ती एवढी का खवळते?

उत्तर चेतापेशीच्या पटलात आहे. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. संदेश निघतो तेव्हा पटलातील सोडियमचे मार्ग उघडतात आणि सोडियम आत शिरते. लगेच पोटॅशियम बाहेर पडते व पेशी पूर्ववत शांत होते. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये माकूळाच्या चेतातंतूवर हे गणितासह दाखवून दिले. म्हणजे पोटॅशियमचे मार्ग हा पेशीचा लगाम होय. विंचवाच्या विषातील काही घटक सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाहीत. या वादळात त्यांचा वाटा मोठा. दुसरे काही घटक पोटॅशियमचे मार्ग बुजवतात, म्हणजे लगामही सुटतो. चेतांच्या टोकांतून रासायनिक दूत भरमसाट बाहेर पडतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण येतो.

या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध डॉ. बावस्करांनी वापरले. त्याचे वृत्त १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस ते तीस दगावत. त्यांच्या नोंदींनुसार हे प्रमाण एकाच्या आसपास उतरले.

विषाचे रेणू त्यानंतर ओळखले गेले. १९९० मध्ये याच विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळे झाले. ३७ अमिनो आम्लांची ही साखळी कॅल्शियममुळे उघडणारे पोटॅशियमचे मोठे मार्ग बुजवते. २००२ मध्ये टॅमापिन सापडले. ते कॅल्शियममुळेच उघडणाऱ्या, पण लहान मार्गांवर काम करते. एका संदेशानंतर पेशीला काही काळ विसावा देणारे मार्ग ते हेच. कोणत्या पेशीत कोणता मार्ग लगाम धरतो, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ आज हेच विष वापरतात.

प्राझोसिन लगाम पुन्हा बसवत नाही. सुटलेल्या घोड्याचा धक्का तेवढा अडवते. विषावरच घाव घालते ती प्रतिविषाची लस. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले.

वर्गात हा धडा शिकवताना एवढे जरूर सांगावे : वेदना कमी म्हणून विंचूदंश सौम्य समजू नये. घाम आणि थंड हातपाय दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे.