कातारी, दारूबंदी आणि एक शिलिंग

आज टूर कंपनीकडे एकरकमी पैसे भरून आपण निश्चिंत होतो. या प्रथेचं कुळ शोधू गेलं तर ते कुठल्या व्यापाऱ्याच्या पेढीवर सापडत नाही. सापडतं ते इंग्लंडच्या लेस्टर गावात, दारूबंदीवाल्यांच्या सभेत.

थॉमस कुक हा डर्बीशरमधल्या मेलबर्न गावचा, जन्म 1808 चा. घरची गरिबी, त्यामुळे दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे तो लाकूड कातण्याचं काम शिकला. पंथानं बॅप्टिस्ट. पाद्रीपणाची दीक्षा त्यानं कधी घेतली नाही, पण विशीत गावोगाव पायी हिंडून पत्रकं वाटली, उपदेश केले. मंडळीकडचे पैसे आटल्यावर पुन्हा कातारकाम धरलं.

त्या काळी कामगाराची सुट्टी गुत्त्यात जायची, कारण परवडेल अशी दुसरी करमणूकच नव्हती. नुसतं ‘पिऊ नका’ म्हणून भागत नाही, हे या काताऱ्याला कळलं. पुष्कळ सुधारकांना ते जन्मभर कळत नाही. जून 1841 मध्ये तो मार्केट हारबरोहून लेस्टरच्या सभेला पंधराएक मैल पायी निघाला होता. नवी रेल्वे दारूबंदीच्या कामाला जुंपली तर, हे त्याला वाटेत सुचलं. सभेनं उचलून धरलं, रेल्वे कंपनीही राजी झाली.

5 जुलै 1841 ला लेस्टरहून लफबरोला खास गाडी सुटली. सुमारे पाचशे माणसं, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. डबे बिनछपराचे, म्हणजे इंजिनाचा धूर आणि ठिणग्या थेट अंगावर. सोबत बँड. उतरल्यावर एका बागेत चहा, खेळ आणि अर्थातच भाषणं. अंतर जेमतेम अकरा मैलांचं, पण यातल्या अनेकांनी आगगाडीत पहिल्यांदाच पाय ठेवला असणार.

पुढची काही वर्षं हा उद्योग सेवा म्हणूनच चालला. नफ्यासाठीची पहिली सहल 1845 ची, लिव्हरपूलची. त्यासाठी कुक आधी स्वतः मार्ग पाहून आला आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. मुलगा जॉन मात्र पक्का व्यावसायिक. धंद्यात धर्मकार्य मिसळतं म्हणून बापलेकांचं बिनसलं आणि 1870 चं दशक सरता सरता बाप बाजूला झाला. 1881 मध्ये कंपनीची मुंबईत कचेरी निघाली. 1886 मध्ये तर हिंदुस्थान सरकारनं हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम याच कंपनीकडे सोपवलं. बॅप्टिस्टाची पेढी हाजींची सोय पाहू लागली!

म्हाताऱ्या कुकनं 1890-91 मध्ये आपल्या गावी पंथातल्या गरिबांसाठी 14 घरं आणि एक प्रार्थनागृह बांधलं. 1892 मध्ये तो वारला. त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी 2019 मध्ये बुडाली. भारतातली कंपनी 2012 मध्येच वेगळ्या मालकीकडे गेली होती, म्हणून ती तगली. मेलबर्नमधली ती घरं आजही उभी आहेत.