मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील जनुकाभिव्यक्तीचे बदल

मोठे आतडे किंवा मलाशय यांच्या अस्तरातील निरोगी पेशीपासून कर्करोगाची गाठ होईपर्यंत कोणती जनुके जास्त काम करू लागतात व कोणती थंडावतात, त्यांतील क्रमवार फेरबदल. जनुकातील माहितीवरून आरएनए व बहुधा पुढे प्रथिन तयार होणे म्हणजे त्या जनुकाची अभिव्यक्ती. उत्परिवर्तनाने डीएनएचा अक्षरक्रमच बदलतो. अभिव्यक्ती मात्र क्रम शाबूत असतानाही वाढू वा थांबू शकते. या रोगात दोन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. मोजक्या जनुकांत उत्परिवर्तन होते आणि त्यामुळे शेकडो जनुकांची अभिव्यक्ती बदलते.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म नळीसारख्या ग्रंथी असतात; त्यांना लीबरक्यूनच्या ग्रंथी म्हणतात. ग्रंथीच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांच्या विभाजनातून झालेल्या पेशी वर सरकतात, वाटेत विभाजन थांबवून श्लेष्मा स्रवणाऱ्या किंवा पाणी व क्षार शोषणाऱ्या पेशी बनतात आणि काही दिवसांतच गळून पडतात. तळाशी विंट नावाचा संदेशमार्ग जोरात चालू असतो, वर जाताना तो मंदावतो. एलजीआर५ हे जनुक या मूलपेशींची खूण असल्याचे युट्रेख्ट येथील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले.

आरंभीचा बदल : नेहमीच्या मार्गाने होणाऱ्या कर्करोगात पहिला घाव बहुधा पाचव्या गुणसूत्रावरील एपीसी जनुकावर पडतो. हे जनुक १९९१ मध्ये ओळखले गेले. आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या एका आनुवंशिक विकारात ते जन्मतः सदोष असते. पण घराण्यात रोगाचा इतिहास नसलेल्या रुग्णांच्या सुमारे ८० टक्के गाठींतही ते बिघडलेले आढळते. एपीसी प्रथिन विंट मार्गातील बीटा-कॅटेनिन या दुसऱ्या प्रथिनाचा नाश घडवून आणणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. ते निकामी झाले की बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ४ या प्रथिनाच्या जोडीने मायक, अॅक्सिन२, एलजीआर५ अशी जनुके सतत चालू ठेवते. मायक हे विंट मार्गाचे लक्ष्य असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. विभाजनाला लगाम घालणारे पी२१ हे जनुक मायकमुळे दबते, हा दुवा २००२ मध्ये क्लेव्हर्स यांच्याच गटाने जोडला. कर्करोगाची पेशी काहीतरी नवेच करू लागते असा सर्वसाधारण समज असतो. येथे मात्र निरोगी मूलपेशीचाच कार्यक्रम चुकीच्या जागी आणि न थांबता चालू राहतो.

त्याच वेळी प्रौढ पेशीची जनुके मावळतात. कार्बॉनिक अनहायड्रेज एंझाइमे, क्षार व पाण्याचा समतोल राखणारे ग्वानिलिन यांची अभिव्यक्ती अडेनोमाच्या, म्हणजे कर्करोगपूर्व पॉलिपच्या, अवस्थेतच घटलेली असते. ही घट परत फिरू शकते का, याचे उत्तर २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून मिळाले. दाबून ठेवलेले एपीसी पुन्हा चालू करताच गाठीतील पेशी प्रौढ होऊ लागल्या आणि गाठी विरल्या. केरास व पी५३ ही कर्करोगाशी निगडित जनुके बिघडलेली असतानाही असेच घडले. माणसात एपीसी पूर्ववत करणारे औषध मात्र उपलब्ध नाही.

पुढील टप्पे : अडेनोमापासून कर्करोगापर्यंतचा क्रम बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एरिक फिअरॉन व बर्ट फोगेलश्टाइन यांनी १९९० मध्ये मांडला. केरासमधील बदलाने वाढीचा संदेश अखंड राहतो, स्मॅड४ गेल्याने टीजीएफ-बीटाचा वाढरोधक संदेश पेशीपर्यंत पोहोचत नाही आणि पी५३ गेल्यावर सदोष पेशीही जिवंत राहतात. या प्रवासाला अनेक वर्षे लागतात व बहुतेक पॉलिप तो पुरा करतच नाहीत. दाह व प्रोस्टाग्लँडिनांशी निगडित कॉक्स-२ हे जनुक बहुतेक कर्करोगांत आणि अडेनोमांच्या मोठ्या हिश्श्यात वाढलेले असते, असे १९९४ मध्ये आढळले; कॉक्स एंझाइमे रोखणाऱ्या अॅस्पिरिनच्या संरक्षक परिणामाचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळते.

सर्वच गाठी या वाटेने जात नाहीत. करवतीच्या दात्यांसारखी कडा दिसणाऱ्या पॉलिपांच्या मार्गात बीरॅफ या जनुकाचे उत्परिवर्तन आणि अनेक जनुकांच्या आरंभस्थळी मिथिलीकरण, म्हणजे जनुक गप्प करणारी रासायनिक खूण, दिसते. एमएलएच१ हे डीएनए-दुरुस्तीचे जनुक त्यात गप्प झाले, की चुका झपाट्याने साचतात. दुरुस्तीत असा दोष असलेल्या गाठी एकूण सुमारे १५ टक्के असतात. त्यांतील काही लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारातून येतात.

मापनातील अडचण : १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सुमारे ३ लाख आरएनए प्रतींची मोजदाद होऊन ५०० हून अधिक प्रती निरोगी व रोगट पेशींत वेगळ्या प्रमाणात आढळल्या. १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या उरी अॅलॉन व सहकाऱ्यांनी ४० गाठी आणि २२ निरोगी नमुने अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजणाऱ्या सूक्ष्मचकतीवर तपासले. ही आकडेवारी पुढे संख्याशास्त्राच्या वर्गांत सरावाचे उदाहरण बनली. तिच्यातला धडा तितकासा सांगितला जात नाही : निरोगी नमुन्यांत स्नायू अधिक असल्याने स्नायूंची जनुके ‘कर्करोगात घटलेली’ दिसत होती. ऊतकाचा तुकडा दळून आरएनए काढला की अस्तर, स्नायू, रक्तवाहिन्या, संयोजी ऊतक सगळ्यांचे आकडे एकत्र येतात.

हीच गफलत सूक्ष्म आरएनएंच्या बाबतीत झाली. मिआर-१४३ व मिआर-१४५ गाठींत घटतात असे २००३ मध्ये नोंदले गेले आणि त्यांना अस्तरातील कर्करोगरोधक मानले गेले. २०१४ मध्ये दिसले की अस्तराच्या पेशींत ते जवळजवळ नसतातच. ते भोवतालच्या स्नायू व संयोजी पेशींत असतात. घट झाली होती ती त्या पेशींच्या प्रमाणात.

२०१५ मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून या कर्करोगाचे चार अभिव्यक्ती-प्रकार ठरवण्यात आले : प्रतिकारपेशींनी भरलेला (१४ टक्के), विंट व मायक प्रबळ असलेला (३७), चयापचयात बदल झालेला (१३) आणि संयोजी पेशींची छाप असलेला (२३). उरलेल्या गाठी कशातच नीट बसत नाहीत. चौथ्या प्रकाराचे रुग्ण तुलनेने लवकर दगावतात. पण त्याची खूण पटवणारी जनुके मुख्यतः गाठीतील फायब्रोब्लास्ट या संयोजी पेशींची असतात, हे त्याच वर्षी दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. एकेका पेशीचा आरएनए वाचणाऱ्या तंत्राने २०२२ मध्ये केवळ अस्तराच्या पेशी पाहिल्या गेल्या, तेव्हा चारऐवजी दोनच मुख्य गट उरले.

उपयोग : चौफेर अभ्यास होऊनही हे चार प्रकार रोजच्या उपचारात अद्याप निर्णायक ठरलेले नाहीत. एकेका जनुकाने अधिक काम दिले आहे. सीडीएक्स२ हे आतड्याच्या पेशीची ओळख टिकवणारे प्रथिन गाठीत दिसत नसेल, तर रोग उलटण्याचा धोका जास्त असल्याचे २०१६ मध्ये आढळले. सेप्टिन-९ या जनुकाच्या मिथिलीकरणावर आधारित रक्तचाचणीला अमेरिकेत त्याच वर्षी मान्यता मिळाली. एमएलएच१ सारखी दुरुस्ती-प्रथिने गाठीत आहेत की नाहीत, हे पॅथॉलॉजिस्ट साध्या रंगद्रव्य-चाचणीने पाहतात. दुरुस्तीचा दोष असलेल्या पसरलेल्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारे औषध २०२० पासून अमेरिकेत पहिल्या फळीचा उपचार म्हणून मान्य आहे.