माळढोकाच्या गवतातले भोवते

सोलापूरजवळच्या नान्नजला वनखात्याने १९७०च्या दशकात दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून गवत राखले. हेतू होता चारा वाढवण्याचा आणि माती धरून ठेवण्याचा. त्या गवतात माळढोक टिकला आणि १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते तिथले अनपेक्षित लाभार्थी, म्हणजे भोवते. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, नाकतोडे टिपतात आणि झाडावर नव्हे, तर गवतात जमिनीवरच रात्र काढतात. मार्च-एप्रिलमध्ये ते परततात. जुळे सोलापुरातल्या शिक्षकांनी तेव्हा मुलांना माळावर जरूर न्यावे. 'पडीक' समजून आपण तिथे दाट झाडे लावली, तर भोवत्यांची निजायची जागाच जाईल.